केंद्रातली कटिंग

मामा गिऱ्हाइकाला मान खाली घालायला लावायचा ते ऐकण्यासारखं असायचं. "मान खाली. अजून खाली. अहो साहेब, लाजल्यासारखी घाला, मेल्यासारखी नको!" सलून एका खुर्चीचं, पण तोंड चार खुर्च्यांचं. बोलायला थांबला तरी कात्री हवेत चकचक वाजवत ठेवायचा, म्हणजे काम चालू आहे असं वाटावं. शेवटी मानेमागे आरसा धरून म्हणायचा, "बघा, नवरदेव! आता घरी गेल्यावर बायको विचारेल, कोण पाहिजे आपल्याला?"

दारू आधी शटर खाली ओढल्यावर गुत्त्यावर सुरू व्हायची. मग शटर अर्ध्यावर असताना दुकानातच सुरू झाली. मग शटर सताड वर आणि मामा पडद्यामागे. घरच्यांना कळायच्या आधी ते गिऱ्हाइकांना कळलं. पूर्वी लोक खुर्चीत बसता बसता म्हणायचे, "कटिंग-दाढी." हळूहळू म्हणायला लागले, "दाढी राहू द्या, नुसती कटिंग करा." गळ्यावर वस्तरा फिरवणारा हात भरवशाचा लागतो ना. मग एकाच्या कानाला कात्री लागली आणि नुसती कटिंगवालेही दुसरीकडे जायला लागले.

"लोकांना चांगल्या कामाची कदर राहिली नाही," मामा म्हणाला.

"कान राहिला नाही म्हणा," मामी म्हणाली.

व्यसनमुक्ती केंद्र गावाबाहेर होतं. पत्र्याचं फाटक, लांब व्हरांडा, फिनेलचा वास, हॉलमध्ये लोखंडी खाटा ओळीने लावलेल्या. मामा तिथे पहिल्यांदा गेला आणि मुदत संपायच्या आत परत आला. कारण, डास. "माणसं सुधारतात की हिवतापाने मरतात तिथे?" दुसऱ्यांदा गेला, पुन्हा मधूनच आला. कारण, शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर. "घोरत नाही गं तो, घाट चढतो! रात्रभर पहिल्या गिअरमध्ये!" ड्रायव्हरचं घोरणं त्याने इतकं हुबेहूब करून दाखवलं की मामीलाही हसू आलं. दोन्ही वेळा आठवडाभरात मामा पुन्हा पडद्यामागे.

तिसऱ्यांदा फाटकाशी सोडताना मामी हसली नाही. "यावेळी मुदत पुरी न करता आलात तर दुकानाची किल्ली मी दुसऱ्याच्या हातात देणार. आणि लेकीला घेऊन माहेरी जाणार. मग घरात तुम्ही आणि तुमची कारणं, सुखाने नांदा."

मामाने डोळे पुसले, शपथ घेतली, वगैरे. मामी म्हणाली, "शपथ नको, मुदत पाहिजे."

आता यावेळी डास नव्हते, खिडक्यांना जाळ्या लावल्या होत्या. ड्रायव्हर बरा होऊन घरी गेला होता. मामाने अंग धरलं, जेवण जायला लागलं, हातही थरथरायचा थांबला. मामी आणि मी, तिचा भाचा, दर रविवारी भेटायला जायचो आणि ती बसमध्ये म्हणायची, "आता काय कारण काढतो बघू." तिला वाटत होतं, आता काही उरलं नाही.

उरलं होतं. कटिंग.

केंद्रात नियम असा, की धारेची कुठलीही वस्तू पेशंटच्या हातात द्यायची नाही. कात्री, वस्तरा, पत्ती, सगळं ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद. महिन्यातून एका रविवारी बाहेरून एक कटिंगवाला यायचा आणि व्हरांड्यात स्टूल टाकून सगळ्यांना लायनीत भादरून जायचा. त्याला घाई फार. एप्रन गळ्यात बांधायच्या आधीच म्हणायचा, "झालंच!" मशीन डोक्यावरून असं फिरवायचा, जसं काही पाहुणे दारात आलेत आणि फरशी पुसायची राहिलीय. तरुण असो, म्हातारा असो, टक्कल असो, कट एकच. मामा आपलं डोकं त्याच्या हाती द्यायचा नाही, नुसता हातभर अंतरावर उभा राहून दात ओठ खायचा.

"कल्ले बघा! एक कानाला, एक गालाला! अहो, फणी धरा, फणी! मागची लाइन आहे की नदी?"

"झालंच," कटिंगवाला म्हणायचा.

मामा ऑफिसात गेला. केंद्राचे सर थकलेले गृहस्थ, प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'समजतंय ना' लावणारे. "सर, मला द्या कात्री. फुकट करतो सगळ्यांची. हात बघा, दगड आहे दगड."

"हाताचा प्रश्न नाही, समजतंय ना? नियम सगळ्यांना सारखा, समजतंय ना?"

"तो माणूस गुन्हा करतोय सर!"

"तुम्ही तुमच्याकडे लक्ष द्या, समजतंय ना?"

पुढच्या कटिंगच्या रविवारी आम्ही पोचलो तर मामा फाटकाजवळच्या बाकावर बसलेला, पायाशी पिशवी. टॉवेल, चपला, सगळं भरलेलं. मामीने पिशवी बघितली आणि ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"चल, घरी जाऊ," मामा म्हणाला. "मी ठणठणीत झालोय. पण हे असलं काम डोळ्यांनी बघत राहिलो तर वेडा होईन. कलाकाराला इथे किंमत नाही."

सर आले. त्यांनी कपाळाला हात लावला. "आधी डास, मग ड्रायव्हर, आता कटिंग. हे आजारच बोलतोय, समजतंय ना? आता तर कुठे सुरुवात झालीय. पण मी बांधून ठेवू शकत नाही. घरचे नेणार असतील तर न्या."

"बघ, सरही जा म्हणतात," मामा म्हणाला.

"ते तसं म्हणत नाहीत," मामी म्हणाली. "अहो, इतकी वर्षं गुत्त्यावर बसलात. तिथे कुणाच्या मानेची लाइन वाकडी दिसली म्हणून कधी ग्लास ठेवून उठलात का?"

मामाने पिशवीचा बंद सारखा केला. मग म्हणाला, "तिथे उजेड कमी असतो."

मामीला हसू नाही आलं. ती रडवेली झाली. ती लेकीबद्दल बोलली, की पोरगी संध्याकाळी कुठल्याही दुकानाच्या शटरचा आवाज आला की अजून दचकते. दुकानाबद्दल बोलली. मामाने सगळं ऐकलं, मान हलवली, हो हो म्हणाला आणि पिशवी उचलली. ते बघून मामीचा चेहरा एकदम कोरा झाला. डोळे पदराने टिपून ती उठली.

"ठीक आहे, चला. पण हे जंगल डोक्यावर घेऊन मी तुम्हाला गल्लीतून नेणार नाही. लोक म्हणतील, केंद्रात होता की गुहेत? आधी कापून घ्या."

"घरी जाऊन आरशासमोर मीच..."

"दुकानाची किल्ली माझ्याकडे आहे. घरात कात्री नाही. बसा."

मामाने स्टुलाकडे बघितलं, फाटकाकडे बघितलं. घरी जायचं तर हा एकच रस्ता. बसला. मामी कटिंगवाल्याजवळ गेली आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या पद्धतीने कापा. मोकळ्या हाताने. यांचं एक ऐकू नका."

"झालंच!" कटिंगवाला म्हणाला.

"मशीन नको! नंबर बदला! अहो, कल्ले... कल्ले राहू द्या!"

"मान हलवू नका. खाली घाला."

"एवढी खाली? मी काय मेलोय?"

कटिंगवाल्याने तळहाताने मामाचं डोकं दाबलं आणि मागून सरळ वर नांगर घातला. बाकीचे पेशंट गोळा झाले. एक म्हातारा म्हणाला, "सर, यांच्या मागे नदी नाही हो, तलाव झालाय." सर तोंडावर रुमाल धरून आत गेले.

मामाने व्हरांड्यातल्या आरशात बघितलं. एक कल्ला होता. दुसरा नव्हता. वरती झुपका, मागे मैदान. बराच वेळ तो तसाच उभा होता, मान डावीकडे करून, उजवीकडे करून.

"चला," मामी म्हणाली. "बस निघेल."

"या डोक्याने?" मामा ओरडला. "या डोक्याने मी गल्लीत येऊ? लोक म्हणतील यानेच कापले! दारू पिऊन स्वतःचेच कापले! आयुष्यात परत एक गिऱ्हाईक बसेल का खुर्चीत?"

"मग टोपी घाला."

"टोपी घातली की सगळे आधी टोपीच काढायला सांगतात!"

त्याने पिशवी उचलली आणि तरातरा हॉलमध्ये गेला. खाटेवर टॉवेल आपटल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

सर पुन्हा बाहेर येऊन मामीला म्हणाले, "उत्तम झालं ताई, समजतंय ना?"

"मला सगळं समजतंय," मामी म्हणाली. एवढंच म्हणाली, पण सर दोन पावलं मागे सरकले.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हणालो, "मामी, कसली भारी आयडिया केलीस!" तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं.

"माझ्यासाठी नाही राहिला," ती म्हणाली. "पोरीसाठी नाही राहिला. राहिला कुणासाठी, तर एका कल्ल्यासाठी. आणि मी त्याच्यावर खूश व्हायचं?"

 थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "केस वाढायला किती दिवस लागतात रे?"

"मामाचे भराभर वाढतात."

"तेच ना," मामी म्हणाली आणि पुढचं काहीतरी शोधत असल्यासारखी पुन्हा बाहेर बघायला लागली.