गेटवरचा सलाम

बुकिंग फॉर्मवर सही करायला गायकवाडबाईंनी पेन उचललं आणि तशाच थांबल्या. "अहो ताई, आमचे हे कुठं गेले?"

मी मागे बघितलं. सोफा रिकामा. काकांपुढचा पाण्याचा ग्लास भरलेला, तसाच.

मी अंबरनाथ-बदलापूरकडे घरं दाखवते. कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकले. हल्ली निम्मी गिऱ्हाइकं साठीच्या पुढची, आणि त्यांचा प्रश्न ठरलेला: गेटेड घेऊ की साधं? गेटेड म्हणजे भोवती भिंत, एकच दार, दारात वॉचमन, आत बाग आणि डॉक्टरची खोली. साधं म्हणजे आपली गल्लीतली बिल्डिंग.

सकाळी या दोघांना अंबरनाथला अशीच एक तळमजल्याची जागा दाखवली होती. काकांना आवडली. बाई दारातूनच फिरल्या. "गेट नाही ना? मग नकोच." मला वाटलं, चोरांना घाबरतात. म्हणून दुपारी बदलापूरला सोनिवलीजवळच्या या सीनियर सिटिझन प्रोजेक्टमध्ये आणलं. गेटवर आमची रिक्षा अडवली, नावं लिहून घेतली, ओटीपी मागितला, फोटो काढले. मी वैतागले, बाई मात्र खूश. "असंच हवं होतं बघा."

आता त्याच बाई पेन टाकून उठल्या. बाथरूम बघितलं, बाग बघितली, लिफ्टपाशी बघितलं. सेल्स मॅनेजर म्हणाला, "रिलॅक्स आंटी, कॅम्पस सिक्युअर आहे. बाहेर कोण जाणार?"

"हे जातात," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "वर्ष झालं, त्यांना नीट आठवत नाही. दुपार झाली की सेकंड शिफ्टला निघतात. मला चोर आत यायची भीती नाही हो ताई. हे बाहेर जायची आहे."

हे सकाळी नाही का सांगायचं, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. दोघी गेटकडे धावलो.

"आजोबा ना? गेले की," वॉचमन म्हणाला. "ड्यूटीवर चाललो म्हणाले. मी सलाम केला, गेट उघडलं."

"अरे, या वयात कसली ड्यूटी? विचारायचं तरी!"

"मॅडम, आपल्याला येणाऱ्याला विचारायचं असतं. जाणाऱ्याला नाही."

रजिस्टरमध्ये आमची तिघांची नावं होती, आत आल्याची वेळही होती. बाहेर जाण्याचा रकानाच नव्हता.

रस्त्यावर डंपर धावत होते. तिथून उल्हास नदी लांब नाही. बाईंनी एकदा तिकडे बघितलं, मीही बघितलं. रसवंतीवाल्याला विचारलं, पंक्चरवाल्याला विचारलं. कुणी बघितलं नव्हतं. अर्धा तास गेला असेल, तोवर माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"मावशी, घरं दाखवता त्या तुम्हीच ना? मी रिक्षावाला बोलतो, एमआयडीसीतून. एक काका आहेत माझ्याकडे."

"बरे आहेत ना रे?"

"एकदम टकाटक. कंपनीत सोड म्हणाले. अहो, ती कंपनी कधीच बंद पडली, माझा बाप तिथंच होता. म्हटलं, काका, गेटपास दाखवा. तर तुमचं कार्ड काढून दिलं!"

सकाळी मीच ते त्यांच्या खिशात घातलं होतं. सगळ्यांच्याच घालते, सवय आहे.

"आता चहा पितायत. सुपरवायझरला सांगा म्हणे, उशीर झाला."

बाई तिथंच फुटपाथवर बसल्या आणि रडता रडता हसायला लागल्या.

मॅनेजर फॉर्म घेऊन मागे आलाच. "आंटी, चोवीस तास सिक्युरिटी आहे आपल्याकडे."

"कुणापासून?" बाईंनी विचारलं. फॉर्म कोराच राहिला.

दोन दिवसांनी आम्ही परत अंबरनाथच्या त्या गल्लीत गेलो. बाईंनी काकांना पुढे एकटं सोडलं. आम्ही वीस पावलं मागे. गिरणीवाली म्हणाली, "काका, नवीन दिसताय. कुणाकडे?" इस्त्रीवाल्याने विचारलं, "एकटेच निघालात?" नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी तर बसवूनच घेतलं. नाक्यापर्यंत पोचायला काकांना पंधरा मिनिटं लागली.

"इथं माझ्यापेक्षा जास्त चौकशा करतात," बाई म्हणाल्या. घर घेतलं. दुपारी दाराला कडी अजूनही लावतात, ते सुटलं नाही.

गेटेड वाईट असं मी म्हणणार नाही. ज्यांना खरंच चोराची भीती आहे त्यांना आजही तेच दाखवते. फक्त आता निघताना गिऱ्हाइकाला पुढे एकटं पाठवते आणि वॉचमन काय करतो ते बघते.

बहुतेक ठिकाणी सलाम करतो.