पेशीची दारं

चाकणच्या आमच्या कंपनीत तपासणीला येणारे डॉक्टर प्रत्येकाला तेच समजावतात. "रक्त कोलेस्टेरॉल पेशीच्या दारात आणून देतं. पेशी लागेल तेवढं वापरते, उरलेलं थेंब करून साठवते. कोठार भरलं की ती दारंच कमी करते. मग माल रस्त्यावर पडून राहतो, राव." 'राव' म्हणताना ते पेनाचं टोपण रिपोर्टवर आपटतात.

परवा गेटबाहेर उभ्या ट्रकच्या आडोशाला मी वडापाव खायला गेलो, तर तिथे डॉक्टरच वडापाव खात होते. त्यांनी पुडी पाठीमागे लपवली. मीही लपवली.

आज माझा रिपोर्ट त्यांच्यापुढे आला. कोलेस्टेरॉलच्या आकड्याखाली लाल रेघ होती. ते टोपण कधी आपटतात याची मी वाट पाहत राहिलो. त्यांनी मान खाली घालूनच सही केली. गोळी सुरू करायची का, हे विचारायला मलाही तोंड उरलं नव्हतं.