आधी नवऱ्याच्या तोंडी

वलवणच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात शालन कामाला आहे. स्वयंपाक, झाडलोट, पाहुण्यांची उस्तवार, सगळं तीच बघते. गावात तिचं नाव निघतं ते मात्र या कामासाठी नाही. नवऱ्याच्या, सोपानच्या, अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली, तेव्हापासून शालननं त्याचं हगणं-मुतणं तोंड वाकडं न करता काढलं. लग्न ठरलेल्या पोरींना तिचं उदाहरण देतात. पोरी बिचाऱ्या ऐकून घेतात.

हा सोपान धडधाकट होता तेव्हा कसा होता, ते कुणी सांगत नाही. घाटात ट्रक चालवायचा, घरी आला की तोंड चालवायचा, कधी हातही. शालनच्या हातच्या कालवणाला उभ्या जन्मात त्यानं चांगलं म्हटलं नाही. ताट पुसून खायचा आणि उठताना नाक मुरडायचा. तो अंथरुणाला खिळल्यावर ती त्याला भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची, आणि दर वेळी त्याच्या डोळ्यांत बघायची. एवढं करतेय, तर आत कुठंतरी माझ्याबद्दल बरं येत असेल का याच्या? दुसरं काही नको होतं तिला. एक बरा शब्द हवा होता, आणि शब्दच गेलेल्या माणसाकडून हवा होता.

मग ती पापडी आली. पुण्या-मुंबईची पोरं शनिवारी बंगल्यावर यायची ती बाटल्या घेऊन. गेल्या वर्षापासून बाटल्या कमी झाल्या. त्याऐवजी ही करड्या रंगाची, तांदळाच्या पापडीसारखी पातळ पट्टी. कुठं बनते, कशाची बनते, कुणालाच ठाऊक नाही. पोलिसांनी जप्त करून तपासायला पाठवली तर डबीत नुसतं पाणी निघालं, असं लोक सांगायचे. दोघांनी अर्धी-अर्धी जिभेवर ठेवायची, की तासभर एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याला कळायचं. कानानं ऐकल्यासारखं नाही, आपल्यालाच आठवावं तसं. चहा घेऊन जाताना शालननं पाहिलं होतं, एक पोरगी समोरच्या पोराकडं बघत गप्प बसली होती, आणि एकाएकी भडाभडा रडायला लागली. सकाळी ती एकटीच गाडी करून निघून गेली. यातून शहाणं व्हायचं, तर शालननं घेतलं ते भलतंच. मुक्या माणसाच्या पोटातलंही यानं कळेल, एवढंच तिच्या मनानं घेतलं.

धरणाजवळ राजेंद्रचा मक्याच्या कणसांचा गाडा आहे. कणसांखाली तो काय ठेवतो हे अर्ध्या गावाला माहीत होतं. शालननं मागितली तेव्हा तो आधी हसला. कुणासाठी ते कळल्यावर मात्र त्यानं पैसेही घेतले नाहीत, आणि पट्टी कागदात गुंडाळून देताना नीट समजावलं.

"ज्याला ऐकायचंय त्यानं आदी घ्यायची, मावशी. जो मागनं घेतो त्याचं समदं उघडं पडतं. त्याला काय बी झाकता येत न्हाई."

"म्हंजी म्या आदी, त्ये मागनं," शालन म्हणाली.

तिला कळलं होतं. घोळ कळण्यात झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सोपानला मऊ भात भरवला, तोंड पुसलं, आणि वाटीत पट्टीचे दोन तुकडे केले. पण लग्न होऊन त्या घरात आल्यापासून नवऱ्याच्या आधी तिच्या तोंडात घास गेला नव्हता. उपासाची खिचडी असो की आजारपणातली पेज, आधी त्याचं, मग तिचं. पोटात कावळे ओरडत असले तरी तेच. हाताला दुसरं काही येतच नव्हतं. एक तुकडा त्याच्या जिभेवर गेला, मग दुसरा तिच्या, आणि तो विरघळल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिनं घशात बोट घातलं. काही उपयोग झाला नाही.

त्याचं तिला अक्षर कळलं नाही. उलट आपल्याच डोक्यात कुणी शिरून एकेक फडताळ उघडतंय असं वाटू लागलं. तिनं बंगल्याचे पडदे आठवले, दूधवाला आठवला, देवाचं नाव घेतलं. पण जे झाकायला जावं तेच आधी वर यायचं. सोपान तिच्याकडं टक लावून बघत होता, आणि तो दिवस वर आला.

त्या सकाळी चहात साखर कमी म्हणून त्यानं कप भिंतीवर फोडला होता आणि शालनच्या कानशिलात भडकावली होती. मग मोरीकडं जाता जाता तो कोसळला. तोंड वाकडं झालेलं, तिच्याकडं बघून काहीतरी म्हणायची धडपड चाललेली. शालन उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मग ती आत गेली, स्वतःसाठी चहा ओतला, खाली बसून फुंकर घालत सगळा प्याली, भांडं विसळून पालथं घातलं, आणि मग बोंब मारत शेजारच्या अंबूबाईकडं धावली. थोडं लवकर आणलं असतं तर वाचा राहिली असती, असं डॉक्टर म्हणाले. शालन तिथं ऊर बडवून रडली, आणि ते रडणंही खरं होतं. तसा गोड चहा तिला पुन्हा कधी लागला नाही, हेही सोपानला आता कळलं. आणि सगळ्यात शेवटी कळलं ते तिचं मागणं, त्या एका शब्दाचं.

"अवो," ती म्हणाली, पण पुढं सांगायचं काही राहिलंच नव्हतं.

संध्याकाळी ताट घेऊन जाताना तिला वाटलं, आता हा थुंकणार, डाव्या हातानं ताट उडवणार. तसं त्यानं केलं असतं तर ती सुटली असती. त्यानं तोंड उघडलं. जन्मात न शिवलेला दुधी त्यानं मुकाट्यानं गिळला. त्या दिवसापासून चमचा जवळ यायच्या आधीच तो आ करायचा. कुशीवर वळवताना दुखलं तरी आवाज काढायचा नाही, नुसता तिच्या हाताकडं बघत राहायचा. माणूस किती निवला, असं लोक म्हणू लागले. अंबूबाईच्या मते तर शालनची सेवा फळाला आली होती. शालन कामावर गेली की सोपान घशातून कसलेसे आवाज काढत पडलेला असतो, हेही तिनंच कौतुकानं सांगितलं.

ते आवाज कसले, हे एका दुपारी कळलं. अंबूबाई सुपारी कातरत बसली होती आणि शालन भरवत होती. सोपाननं डावा हात वर करून चमचा थांबवला. कपाळावर घाम आला, मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"शा... लन," तो म्हणाला. "चां... गली."

अंबूबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि आळीत सांगायला तशीच पळाली.

शालनच्या हातात चमचा तसाच राहिला. जन्मभर हवा होता तो शब्द हाच. सोपान तिच्या चेहऱ्याकडं बघत होता, एवढ्यानं भागलं का ते. त्याच्या ओठांवर लाळ आली होती. ती पुसायला तिनं हात उचलला, तर त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.