उलटेमामा आणि दोन सीटांमधली पेटी

उलटेमामा हे नाव कोणी ठेवलं, ते छापखान्यात आज कोणालाच सांगता येत नाही. ते टिंगल म्हणून ठेवलेलं नाही, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

छापखान्याच्या मागे कागदाचं गोदाम आहे. रस्त्यापासून गोदामाच्या दारापर्यंत दोन भिंतींमधून एक बोळ जातो. बोळ लांब, गोदामाकडे किंचित उतरता, मध्यावर वळणाचा एक बाक, आणि रुंदी ट्रकपेक्षा जेमतेम दोन वीत जास्त. कागदाची रिळं मागच्या बाजूने उतरवायची, म्हणून ट्रक बोळात उलटाच न्यावा लागतो. इतर चालक हे काम तुकड्यातुकड्यांनी करतात. थोडं मागे, थोडं पुढे, आरशाला एक शिवी, पुन्हा थोडं मागे. त्यांच्या प्रयत्नांच्या खुणा दोन्ही भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांत उमटलेल्या आहेत. मामांचा ट्रक लाल आहे. भिंतीवर लाल रंग नाही. एकवीस वर्षांत नाही.

या गोष्टीचा मामांना गर्व होता असं म्हणता येणार नाही, कारण ते तसं कधी बोलले नाहीत. दुसऱ्या कोणाचा ट्रक बोळात शिरताना दिसला, की ते चहाचा कप घेऊन भिंतीशी येऊन उभे राहत आणि काहीच बोलत नसत. हे काहीच न बोलणं फार झोंबायचं, असं बाकीचे चालक अजून सांगतात.

मामांना दुसरा नाद जुन्या गाण्यांचा. ट्रकच्या दारांत बसवलेल्या दोन स्पीकरांतून गायिका ऐकू येई, बासरी ऐकू येई, पण ढोल कुठे जाई ते कळत नसे. इंजिनाची घरघर त्याला गिळून टाकी. ही तक्रार मामा रोज सकाळी मेव्हण्याकडे करत. बायकोचा हा धाकटा भाऊ धंद्याने सुतार, आणि त्याचं दुकान मामांच्या रस्त्यावर असल्यामुळे रोज डावीकडच्या सीटवर बसून फुकट जाणारा. शेवटी तो म्हणाला, "भावोजी, तुम्हाला सबवूफर पाहिजे, खर्जाचा वेगळा स्पीकर. मी पेटी करून देतो. पण ठेवणार कुठं?"

केबिनमध्ये जागेचा शोध सुरू झाला. सीटखाली जॅक आणि पान्हे होते. सीटमागे ताडपत्री आणि दोर होते. डावीकडे पायापाशी मेव्हण्याचे पाय होते, आणि ते हलवायला तो तयार नव्हता. राहिली दोन सीटांमधली जागा. तिथे पाण्याची बाटली, काच पुसायचं फडकं आणि जेवणाचा डबा अशी तिघं बरीच वर्षं सुखाने नांदत होती. त्यांना जागा खाली करायला सांगण्यात आलं.

माप मामांनी घेतलं. मेव्हण्याने कपाटं आयुष्यभर केली असली, तरी ट्रक मामांचा होता. मेव्हणा कागदावर आकडे उतरवून घेताना सहज म्हणाला, "सगळे गियर टाकून बघितले ना?"

मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पेन्सिल कानामागे ठेवली.

"मला विचारतोस?"

"नाही, आपलं विचारलं."

"तू कपाटाची दारं उघडतात का ते बघ."

मेव्हण्याने महिनाभर संध्याकाळी बसून पेटी केली. कोपरे दुपारी जेवून आलेल्या माणसाच्या पोटासारखे गोलसर केले, वर काळं फेल्ट लावलं. पेटीत हवा किती मावते याचाही हिशोब असतो, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तेव्हा आपण आयुष्यात पहिल्यांदाच हवा मोजून घेतोय, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. रविवारी पेटी खाली बोल्टने आवळून बसवली. मामांनी गाणं लावलं. ढोल खालून आला, सीटमधून पाठीत शिरला आणि थेट टाळूपर्यंत गेला. मामांनी डोळे मिटले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मामी ओरडल्या, "अहो, इथं फळीवरची भांडी नाचायला लागलीत!" मामांनी ही दादच समजली.

सोमवारी सकाळी मेव्हण्याला दुकानापाशी सोडून मामा बोळाच्या तोंडाशी आले, ट्रक सरळ केला आणि गियरचा दांडा डावीकडे घेऊन मागे खेचला. टक. दांडा पेटीला लागून थांबला. दोन बोटं कमी पडत होती. मामांनी पुन्हा खेचला. पुन्हा टक.

माप घेताना मामांनी पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गियर शिस्तीत टाकून पाहिले होते. रिव्हर्स तेवढा राहिला होता. स्वतःचं नाव कोणी यादीत घालत नाही, तसं काहीसं झालं असावं.

दुसरा कोणी असता तर त्याने पान्हा काढून पेटी मोकळी केली असती. पण पेटी काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा विचारणार, आणि "सगळे गियर टाकून बघितले ना?" हे वाक्य उरलेल्या जन्मात दर रविवारी जेवताना ऐकावं लागणार. मामांनी क्षणभर विचार केला. मग दांडा न्यूट्रलला टाकला, ब्रेकवरचा पाय अलगद हलका केला आणि ट्रक उतारावरून आपसूक मागे जाऊ दिला. बाकही घेतला. भिंतींना धक्का नाही. गोदामाच्या दाराशी ट्रक असा थांबला, जसं एखादं मांजर येऊन बसावं.

तो आठवडा मामा फक्त पुढे जगले. घरी येताना सगळ्या वस्तीला वळसा घालून ट्रक रस्त्याकडे तोंड करून लावू लागले. ज्या गल्लीतून पलीकडे बाहेर पडता येत नाही त्या गल्लीतली ओळख त्यांनी तात्पुरती तोडली. बुधवारी एका अरुंद रस्त्यात समोरून मोटार आली. एरवी मामाच दुसऱ्यासाठी मागे घेत, आणि खुशीने घेत. आज त्यांनी इंजिन बंद केलं, गाण्याचा आवाज वाढवला आणि हाताची घडी घातली. मोटारवाल्याला शंभरेक पावलं मागे जाताना घाम फुटला. तो कडेला लागल्यावर मामांनी काच खाली करून त्याला सांगितलं, "सवय ठेवावी माणसानं."

घोळ झाला तो कौतुकामुळे. गोदामाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या बाई गुरुवारी म्हणाल्या, "मामा, हल्ली तुमचा आवाजसुद्धा येत नाही. लोणी सरकावं तसा ट्रक येतो. शनिवारी दोन नवे चालक रुजू होतायत. बोळ त्यांना तुम्हीच शिकवा. नीट जमलं तर इथून पुढं येणाऱ्या प्रत्येकाला तुम्हीच शिकवायचं. तसं साहेबांशी बोललेय मी."

मामा "बघू" म्हणाले. पण घरी जाताना त्यांनी तीन वेळा आरशात स्वतःकडे पाहिलं. एकवीस वर्षं लोक त्यांचं काम बघत आले होते. ते शिकवण्यासारखं आहे, असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

शनिवारी दोघं आले. एक जाड मिशीवाला. त्याला सगळं येत असल्यामुळे तो मोबाइल बघत होता. दुसरी तिशीतली, खिशाला पेन, हातात वही. ती म्हणाली, "नमस्कार सर." मामांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

मामा ट्रकमध्ये चढले. तीन टन कागद मागे होता. दांडा न्यूट्रलला, पाय ब्रेकवर. ट्रक निघाला. बाक आला, गेला. मामा गोदामाच्या दाराशी उतरले तेव्हा मिशीवाल्याने मोबाइल खिशात टाकला होता आणि दाराशी उभ्या असलेल्या गोदामाच्या बाई टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या.

"सर, एक विचारू?" वहीवाली म्हणाली. "तुमचा मागचा पांढरा दिवा लागला नाही."

"बल्ब गेलाय," मामा म्हणाले.

"आणि इंजिनाचा आवाजही बदलला नाही."

मामा काही बोलले नाहीत. त्यांचं काहीच न बोलणं पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला न झोंबता त्यांना स्वतःला झोंबलं.

"म्हणजे न्यूट्रलवर सोडायचा, सर? उताराचा फायदा घ्यायचा?" तिचा चेहरा उजळला. "म्हणूनच तुमचा इतका मऊ जातो. हे कोणीच सांगत नाही." आणि ती वहीत लिहायला लागली. मामांनी वाकून पाहिलं. सुवाच्य अक्षरात ओळ उतरली होती: 'बोळ. गियर न्यूट्रल. फक्त ब्रेक.' खाली दुहेरी रेघ.

मिशीवालाही मान हलवत होता. "सोपं आहे की," तो म्हणाला.

मामांच्या डोळ्यांपुढे सोमवार आला. मिशीवाला, तीन टन कागद, उतार, आणि गोदामाच्या दारात रिळं मोजत उभी असलेली माणसं. आपल्या पायाला एकवीस वर्षांत ब्रेकचा कण न कण माहीत झाला होता. या दोघांच्या पायांना काय माहीत होतं?

"खोडा ते," मामा म्हणाले.

"सर?"

"आधी खोडा. मग सांगतो."

तिने खोडलं. मामांनी तिघांनाही केबिनच्या दाराशी बोलावलं, दांडा डावीकडे घेतला, मागे खेचला. टक. सगळ्यांनी ऐकलं. "रिव्हर्स पडत नाही," मामा म्हणाले. "माप मीच घेतलं. सगळे गियर बघितले. हाच बघायचा राहिला. आठवडाभर नुसता घरंगळत आलोय. फार वाईट काम केलं. तुम्ही कधी करू नका."

बाई आधी गंभीर राहिल्या, कारण तसं त्यांना राहणं भाग होतं. मग त्यांनी तोंडाला पदर लावला. "मामा, म्हणजे तुमच्याच ट्रकला रिव्हर्स नाही?" मिशीवाला भिंतीला टेकून हसत होता. गोदामातले हमाल का हसायचं ते विचारायला बाहेर आले आणि कळल्यावर परत आत जाईनात. मामांनी पान्हा काढला, सगळ्यांच्या देखत पेटी मोकळी करून डावीकडच्या सीटवर ठेवली, ट्रक पुढे रस्त्यावर नेला आणि मग रिव्हर्स टाकून, पांढरा दिवा लावून, बोळातून परत आणला. आवाज झाला. भिंतीला काही झालं नाही.

"हे लिहा," उतरून ते वहीवालीला म्हणाले. आणि एकेक गोष्ट सांगत गेले, आरसा कुठे, नजर कुठे, बाकाच्या आधी किती हात. ती लिहीत होती. आता मिशीवालाही तिच्या वहीत डोकावत होता. बाई जाताना एवढंच म्हणाल्या, "सोमवारी पण हेच. अकरा वाजता. आणि न्यूट्रलवर परत दिसलात, तर बोळ बंद तुम्हाला."

घरी मामींना सगळं सांगितलं. मामी शिवणकाम करतात. त्यांनी मशीन थांबवलं नाही. "अहो, आम्ही माप घेताना गिऱ्हाइकाला हात वर करायला लावतो," त्या म्हणाल्या. "नाहीतर कपडा अंगावर चपखल बसतो, आणि माणसाला बसमधला दांडा धरता येत नाही."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत का?"

राहिला मेव्हणा. रविवारी सकाळी मामा स्वतः त्याच्या घरी गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मेव्हणा हसला नाही. त्याने पेन्सिल कानामागे ठेवली, टेप खिशात घातली आणि म्हणाला, "चला."

ट्रकपाशी तो बाहेर उभा राहिला आणि मामांना आत बसवलं.

"पहिला टाका."

मामांनी टाकला. मेव्हण्याने टेप धरली, आकडा लिहिला.

"दुसरा."

दुसरा पडला.

"तिसरा. जरा नीट टाका ना, भावोजी. घाई काय आहे?"

"टाकला."

पाचवा झाल्यावर मेव्हण्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि टेपही गुंडाळली. मामा थांबले. तो चालायला लागला.

"अरे," मामा म्हणाले, "रिव्हर्स राहिला."

मेव्हणा हळूच वळला. "अगंबाई! तो पण असतो का?"

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दांडा डावीकडे घेतला, मागे खेचला आणि तसाच धरून ठेवला, मेव्हण्याने टेप पुन्हा उलगडून, दोनदा मोजून, आकड्याभोवती मोठा गोल काढेपर्यंत.