उतारावरची गाडी

गाडीला अलार्म आणि रिमोट स्टार्टर बसवताना मेकॅनिक रशीदभाईंनी आधी बॅटरीची वायर सोडवली आणि मला विचारलं, "गाडी गिअरमध्ये लावता का?"

"हो, वडिलांनीच शिकवलंय. घर उतारावर आहे ना."

"आता न्यूट्रलमध्येच लावा. नाहीतर लांबून बटण दाबलं की गाडी उडी मारेल."

त्यांनी हँडब्रेकलाही वायर जोडली. तो ओढलेला नसेल तर इंजिन सुरूच होणार नाही. मला नवल वाटलं. इतकी वर्षं गाडीला सांभाळणारी सवय एका दुपारीत धोक्याची कशी होते?

संध्याकाळी बटण दाबून बघायला गॅलरीत आलो. खाली वडील वाकून चाकाला दगड लावत होते. यंत्राला ते दिसत नव्हते. मी अंगठा बाजूला घेतला.