हक्कसोडानंतरचं माहेर

चिखलीत वकिली करताना एक प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. बाप गेल्यावर सातबाऱ्यावर बहिणींची नावं का लागतात? उत्तर सोपं आहे. मुलीही मुलांइतक्याच वारस असतात. पुढचा प्रश्न ठरलेला : ती काढायची कशी? मग मी हक्कसोडपत्राचं सांगतो. बहिणीनं स्वतःच्या मर्जीनं, निबंधकासमोर सही करून आपला हिस्सा सोडायचा. आमच्याकडे त्या दिवशी बहिणीला साडी नेसवून जेवू घालतात.

परवा एक पक्षकार म्हणाला, "वकीलसाहेब, साडी इले पटूनच नाही राह्यली. म्हणते, वावराच्या मानानं काठ लहान आहे."

"मंग, खोटं आहे काय?" शेजारी बसलेली त्याची बहीण म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो, पण मला माझी बहीण आठवली.

आमचं वावर जानेफळला. बाबा गेले तेव्हा ती म्हणाली, "दादा, बाबाच्या वावरावर माह्यं नाव लागते म्हणतात. खरं काय?"

"हो. पण ते काढा लागन."

"काऊन? राहू दे ना."

मी तिला समजावलं. बँकेचं काम निघालं की दरवेळी तुझी सही लागेल, सासरहून, सोनाळ्याहून किती चकरा मारशील? बोललो ते चूक नव्हतं. तिला हिस्सा नको होता, बाबांच्या वावरावर आपलंही नाव असावं एवढंच तिला वाटत होतं, हे मला कळत होतं. तरी मी सही घेतली. मर्जीनं देता का, हे निबंधकानं विचारलं. मी विचारलं नाही. ती "हाव" म्हणाली, जेवली आणि एसटीनं गेली.

भांडण झालं नाही. राखी पोस्टानं येते. ती येत नाही.

लग्नानंतरही ती आली की पिशवी ओसरीवर टाकून आधी वावरात जायची. पदरात हरभऱ्याचे घाटे घेऊन, खात खात, बांधापासूनच मोठ्यानं बोलत यायची. आता हरभरा घाट्यावर आला की मी बांधावर उगाच रेंगाळतो.

यंदा मी फोन केला. म्हटलं, माझ्या हिश्शातून बक्षीसपत्र करून देतो, तुझं नाव पुन्हा लावता येतं.

ती म्हणाली, "राहू दे म्हणलं तवा तू ऐकलं नाही, दादा. आता कागद कायले करतं?"

"बरं, कागद नको. तू नुसती ये."

"पाहू. इकडं कापूस वेचणं चालू आहे."

सोनाळ्याकडचं कोणी भेटलं, की हल्ली मी आधी एवढंच विचारतो : तिकडची वेचणी कुठवर आली?