पेट्रोलचा कॉक

शेजाऱ्याला धडा शिकवायची हौस असलेल्यांनी हे जरूर वाचा.

शेजारचा हिंमत माझी जुनी मोटारसायकल हक्काने नेतो. म्हणून काल मी पेट्रोलचा कॉक गुपचूप बंद करून ठेवला. वाटेत बंद पडली की पुन्हा मागणार नाही, हा माझा डाव.

आज सकाळी तो लेकीला मागे बसवून निघाला. धडगावला तिची नोकरीची मुलाखत होती, त्यासाठी शहाद्याहून जीप गाठायची होती. गाडी कोपऱ्यावरच बंद पडली. किका मारून हिंमत घामाघूम.

"आप्पा, कॉक चालू शे ना?"

"चालूच शे," मी म्हणालो. वर चोक ओढून बघायचा सल्लाही दिला. पोरगी फाइल छातीशी धरून उभी होती. तिच्यासमोर खरं बोलायला जीभ रेटेना.

रिक्षा मिळेपर्यंत जीप गेली. दुसरी भरून धडगावला पोचेपर्यंत मुलाखती आटोपल्या होत्या.

संध्याकाळी परत आल्यावर हिंमतने स्वतःहून प्लग काढला, घासून बसवला. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आप्पा, जुनी गाडी शे. तिना काय दोष."

आत्ता तो समोरच्या ओट्यावर बसलाय. कॉक अजून बंदच आहे. त्याच्या देखत तो उघडायचा कसा, कुणी सांगेल का?